मुलांच्या डिप्लोम्यावर मराठीचाही शिक्का येऊ दे : मंडळाच्या आणि मराठी शाळेच्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी, दर रविवारी मराठी शाळेत शिकवणारे ताई-दादा, आणि ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावी-अकरावीत आहेत असे सगळे आईबाबा, तुम्हा सगळ्यांना मिळून हे पत्र लिहितेय. जून आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या घरात सध्या एकच विषय, ग्रॅज्युएशन. इथे शाळेचे १८० दिवस भरावे लागतात, त्यात हिवाळ्यात बर्फाच्या दोन-चार सुट्ट्या झाल्या की वर्ष पार जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत लांबतं, आणि त्याच शेवटच्या दिवसांत सीनियर्सचं, म्हणजे बारावीच्या मुलांचं, सगळं येतं. मे महिन्यातल्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा, मग प्रॉम, इयरबुकवर सह्या, अवॉर्ड नाइट, ग्रॅज्युएशनची रंगीत तालीम, गाऊनला इस्त्री, पाऊस आला तर मैदानाऐवजी जिममध्ये आणि मग माणशी तिकिटं किती, सातारा-कोल्हापूरहून आलेल्या आजी-आजोबांना त्यातली दोन द्यायची तर काका-मावशीला काय सांगायचं. ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या मुलाचा कॉलेजच्या स्वेटशर्टमधला फोटो येतोय आणि खाली अभिनंदनाची रांग लागतेय. या आनंदात मी पण आहे, माझी लेक यंदा सीनियर आहे.

पण मला एका गोष्टीबद्दल मनापासून बोलायचंय, ती म्हणजे आपल्या मुलांना येणाऱ्या मराठीची नोंद त्यांच्या हायस्कूलच्या डिप्लोम्यावर व्हावी.

ग्रॅज्युएशनच्या दिवशी हातात जी कार्यक्रमपत्रिका देतात ना, ती नीट वाचा कधीतरी. सगळ्या मुलांची नावं आडनावाच्या क्रमाने असतात आणि नावापुढे बारीक खुणा असतात, एक खूण नॅशनल ऑनर सोसायटीची, एक अमुक जीपीएच्या (सरासरी गुणांच्या) वरच्यांची, आणि एक खूण असते स्टेट सील ऑफ बायलिटरसीची. इंग्रजीशिवाय अजून एक भाषा ज्याला नीट ऐकता, बोलता, वाचता आणि लिहिता येते त्याला राज्य सरकार हे सील देतं, त्याचा शिक्का डिप्लोम्यावर लागतो आणि ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) नोंद होते, काही शाळा गळ्यात मेडल नाहीतर कॉर्डही घालतात. आमच्या शाळेच्या पत्रिकेत शेवटच्या पानावर भाषेप्रमाणे यादी होती. स्पॅनिशची सगळ्यात लांब, त्याखाली फ्रेंच, मँडरिन, मग हिंदी, तेलुगू, तमिळ, अरबी. मी ते पान दोनदा वरून खाली वाचलं. मराठी नव्हतं. आणि त्याच पत्रिकेत जोशी, पाटील, कुलकर्णी, शिंदे, देशपांडे अशी आडनावं मात्र चिक्कार होती! त्यातल्या कितीतरी मुलांपुढे सीलची खूण होती सुद्धा, पण ती स्पॅनिशची. स्पॅनिश शिकली, छान केलं, मला त्याचा आनंदच आहे. पण जी भाषा जन्मल्यापासून कानावर पडली तिची खूण कुठेच नाही हे मला लागलं.

आता कुणी म्हणेल की मराठीला ते मिळत नसेल. मिळतं. न्यू जर्सीचा कायदा २०१६ मध्ये आला आणि त्यात ठरावीक भाषांचीच यादी वगैरे काही नाही, मान्य असलेल्या परीक्षेत चारही कौशल्यांत इंटरमीडिएट-मिड पातळी दाखवली की झालं, इंग्रजीची अट ग्रॅज्युएशनच्या नेहमीच्या अटींमधूनच पूर्ण होते. अवांत नावाच्या कंपनीची स्टॅम्प परीक्षा यासाठी चालते आणि तिच्यात मराठी आहे, कन्नड, तमिळ, तेलुगूसारखीच. इंटरमीडिएट-मिड म्हणजे स्टॅम्पच्या भाषेत पाचवी पातळी. हे काही साहित्यिक मराठी नाही हो, रोजच्या ओळखीच्या विषयावर स्वतःची वाक्यं करता येणं, साधे प्रश्न विचारता येणं आणि उत्तरं देता येणं, काय घडलं ते चार वाक्यांत जोडून सांगता येणं, एवढंच. आपली मुलं बोलण्यात तर बऱ्याचदा याच्या पुढे असतात.

मग अडतंय कुठे? मला जे दिसलं ते सांगते. एक तर डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या प्रशासनाने, या कार्यक्रमात भाग घेणं ऐच्छिक आहे, आणि जिथे घेतात तिथेसुद्धा शाळा जी भाषा शिकवते तिचीच परीक्षा आपोआप आयोजित होते. स्पॅनिशच्या वर्गातल्या मुलाला बाई स्वतः सांगतात की अमुक दिवशी लॅबमध्ये ये, परीक्षा आहे. मराठीच्या मुलाला कोण सांगणार? शाळेतल्या काउन्सेलरला तर आपली मुलं इंडियन म्हणजे हिंदी बोलणारी वाटतात, यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तेलुगू आणि तमिळ मंडळींनी काय केलं असेल ते मी ओळखीतल्या एका तेलुगू आईला विचारलं, ती म्हणाली आमच्या भाषाशाळेच्या लोकांनीच प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या वर्ल्ड लँग्वेज सुपरवायझरला ईमेल केली, मुलांची नावं दिली, फी कोण भरणार ते ठरवलं, आणि मग शाळेने एक दुपार नेमून परीक्षा घेतली. बस. कुणाची ओळख नाही, वशिला नाही, एक ईमेल आणि पाठपुरावा.

दुसरी अडचण आपल्याच घरातली आणि आपल्याच मराठी शाळेतली आहे आणि ती जास्त मोठी आहे. मराठी शाळेत मुलं येतात तीही उत्साहाने, पाचव्या-सहाव्या वर्षापासून. बाराखडी होते, शुभंकरोती होतं, शिवजयंतीला भाषणं, दिवाळीत नाटुकलं, संक्रांतीला तिळगूळ. मग मिडल स्कूल आलं की रविवारी स्विम मीट, रोबोटिक्स, गणिताचा क्लास, भरतनाट्यम, आणि मराठी शाळा सगळ्यात आधी सुटते. म्हणजे नेमकी वाचन-लेखनाची गाडी रुळावर यायच्या वयात आपण मुलांना सोडून देतो. परिणाम काय होतो ते माझ्या वर्गात बघितलंय. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी, आजीशी फोनवर इतकं गोड आणि अस्खलित बोलते की ऐकत राहावं, 'अगं आजी, तू गोळ्या घेतल्यास का, नुसतं हो हो करू नकोस', असं दरडावते सुद्धा. तिच्यासमोर मी साधा चार ओळींचा उतारा ठेवला, सहलीचं वर्णन होतं. 'आम्ही' वाचलं, 'सगळे' वाचलं, 'महाबळेश्वरला' या शब्दापाशी बोट ठेवून थांबली, म-हा-ब-ळे करत करत 'श्व' ला अडकली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली की मावशी, हे अर्धं श आहे का? बरोबर होतं तिचं! तिला सगळं माहीत होतं, फक्त वर्षभर देवनागरीत काही वाचलंच नव्हतं. आणि लिहायचं म्हटलं तर मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिणारी ही पिढी, घरात कुणी देवनागरी कीबोर्ड लावूनच दिलेला नाही. आपण मोठे तरी कुठे लावतो.

म्हणजे बोलणं आणि ऐकणं तयार आहे, वाचणं आणि लिहिणं थोडक्यासाठी राहिलंय. हे थोडकं म्हणजे एका हिवाळ्याचं काम आहे असं मी शिकवताना बघितलेल्या मुलांवरून खात्रीने सांगते. लहानपणी बाराखडी झालेल्या मुलाला परत पाटी-पेन्सिलपासून सुरुवात करावी लागत नाही, जोडाक्षरांचा सराव, रोज एक परिच्छेद वाचणं आणि फोनवर देवनागरीत टाइप करणं, एवढं सातत्याने झालं की मुलं झपाट्याने पुढे जातात, कारण शब्द त्यांच्याकडे आधीच आहेत.

काही जण मला म्हणाले की कशाला अजून एक परीक्षा, मुलांवर आधीच किती ओझं आहे, आणि हे सगळं शेवटी रेझ्युमेसाठीच ना. ओझ्याचं मला पटतं, अकरावीचं वर्ष मुलांना पिळून काढतं हे मी घरात बघितलंय. म्हणूनच तर म्हणते की जी गोष्ट मुलाला निम्म्याहून जास्त आधीच येतेय तिची नोंद व्हावी, नवीन काही डोक्यावर घालायचं नाहीये. फायद्याचंही बोलायला लाजायचं कारण नाही. न्यू जर्सीत ग्रॅज्युएशनसाठी वर्ल्ड लँग्वेजची ५ क्रेडिट्स लागतात किंवा मग भाषा येते हे परीक्षेने दाखवून देता येतं, म्हणजे उशिरा भारतातून आलेल्या मुलाला याचा सरळ उपयोग आहे (कॉलेजं मात्र शाळेत किती वर्षं भाषा घेतली तेही बघतात, तेव्हा काउन्सेलरशी बोलूनच ठरवा). मिनेसोटा, इलिनॉयसारख्या राज्यांत तिथल्या सरकारी कॉलेजांमध्ये सीलवर क्रेडिट्सही मिळतात. आणि रेझ्युमेचं म्हणाल तर हॉस्पिटलात, कोर्टात, शाळांमध्ये दुभाष्यांची गरज कायम असते, आपल्याच आजी-आजोबांना डॉक्टरकडे नेलं की कळतं.

पण माझ्या मनात याच्या वरची एक गोष्ट आहे. हे सील मुळात कशासाठी निघालं ते बघा. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये प्रपोझिशन २२७ हा कायदा लोकांच्या मतदानाने मंजूर झाला आणि शाळांमधलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद पडलं. घरी स्पॅनिश किंवा व्हिएतनामी बोलणारं मूल म्हणजे मागे पडलेलं मूल, अशी नजर तयार झाली. तिथल्या शिक्षकांनी आणि पालकांच्या संघटनांनी त्याला उत्तर म्हणून ही कल्पना पुढे आणली की घरची भाषा ही उणीव नाही, ती मुलाची कमाई आहे आणि ती डिप्लोम्यावर दिसली पाहिजे. २०११ मध्ये तिथे कायदा झाला, मग न्यूयॉर्क, मग एकेक करत राज्यं वाढत गेली. प्रपोझिशन २२७ लोकांनीच २०१६ मध्ये मतदानाने बाजूला केलं. म्हणजे हे सील मुळात आपल्यासारख्या घरांसाठीच आहे, इंग्रजी घरातल्या मुलाने हौसेने फ्रेंच शिकावं एवढ्यापुरतं ते कधीच नव्हतं.

आणि म्हणून मला सगळ्यात जास्त आठवण होते ती उशिरा आलेल्या मुलांची. बाबांची बदली झाली किंवा एच-१ व्हिसा मिळाला म्हणून पुण्याहून, नाशिकहून आठवी-नववीत उचलून आणलेली मुलं. तिकडे वर्गात पहिल्या पाचात असायची, इथे येऊन ईएसएलच्या, म्हणजे नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या, वर्गात बसली, जेवणाच्या टेबलावर कुणाशी काय बोलायचं ते कळेना, उच्चारांवरून कुणी हसलं तर घरी येऊन सांगायचीही नाहीत. अशा मुलाची मराठी किती सुरेख असते! निबंध लिहील, कविता म्हणेल, पत्र लिहील. आणि चार वर्षं अमेरिकन हायस्कूलमध्ये काढून ग्रॅज्युएट होताना त्याच्या नावापुढे त्याबद्दल काहीच नसतं. या मुलाला स्टेजवर नाव पुकारताना मराठीची खूण मिळाली तर त्याच्या आईबाबांना काय वाटेल याचा विचार करा. त्याने इथे येताना जे बरोबर आणलं त्याची दखल शाळेने घेतली असं त्याला पहिल्यांदाच वाटेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुप्सवर दिवाळी होती, पेढ्यांचे फोटो, ज्ञानेश्वरीच्या ओव्या, मंडळाने कार्यक्रमही केला. तो आनंद खराच होता. आता तोच आनंद आपल्या टाऊनमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपर्यंत पोचवायची संधी आहे आणि तिच्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, आपल्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसपर्यंत गेलं तरी पुरे.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की या उन्हाळ्यातच एक छोटी समिती करा, तीन-चार जण पुरेत, आणि एडिसन, साऊथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, पार्सिपनी अशा जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. एकट्या पालकाची ईमेल आली की ती मागे पडते, संस्थेचं पत्र आलं आणि त्यात लिहिलं असलं की तुमच्या शाळेत इतकी मराठी मुलं परीक्षेला तयार आहेत, तर उत्तर येतं. पत्रात तीनच गोष्टी विचारायच्या, तुमची डिस्ट्रिक्ट सीलमध्ये भाग घेते का, शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या भाषेची परीक्षा कधी आणि कशी घेता, आणि नाव द्यायची शेवटची तारीख काय. ही तारीख फार महत्त्वाची आहे. सीनियर वर्षाच्या वसंतात जागं झालं की वेळ गेलेली असते, कॉलेजचे अर्ज तर ऑक्टोबर ते जानेवारीतच जातात, त्यामुळे अकरावीतच परीक्षा झाली तर सगळ्यात चांगलं. आणि फी. फार मोठी नसते, पण प्रत्येक घराला सारखी झेपत नाही, काही डिस्ट्रिक्ट भरतात, काही नाही. गणपतीच्या कार्यक्रमाच्या स्पॉन्सरशिपमधून थोडा हिस्सा यासाठी बाजूला काढणं मंडळाला अवघड जाऊ नये.

मराठी शाळेच्या ताई-दादांना काय सांगू, तुम्ही पदरची रविवारची झोप मोडून शिकवता, मी त्यातलीच एक आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे इथल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळांची मुख्य संस्था, १९८१ पासून आहे, त्यांच्या अभ्यासक्रमावर उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी शाळा चालतात, म्हणजे पाया तयार आहे. आपल्याला फक्त मोठ्या मुलांचा वेगळा वर्ग हवाय, आणि तो रविवारी सकाळी नको, आठवड्यात एका संध्याकाळी झूमवर, तासाभराचा. त्यात बडबडगीतं नकोत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला 'चिऊताई' वाचायला दिली तर तो दुसऱ्या तासाला येणार नाही. त्यांना क्रिकेटच्या बातम्या द्या, वडापावची रेसिपी मराठीत लिहायला सांगा, आजीला देवनागरीत मेसेज पाठवा आणि तिचं उत्तर वाचून दाखवा म्हणा, फोन असावा की नसावा यावर मराठीत भांडू द्या. परीक्षेत मत मांडावं लागतं, कारण द्यावं लागतं, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर असते म्हणून टाइपिंगची सवय पहिल्या तासापासून.

आईबाबांनो, तुमच्याकडे एकच मागणं. मुलं आपल्याशी इंग्रजीत उत्तर देतात तरी आपण मराठीतच बोलत राहूया, आणि मराठी शाळा सातवीला सोडायच्या आधी एकदा थांबून विचार करूया. आणि ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही त्याला चारचौघांत, पाहुण्यांसमोर, 'काय रे, एवढं पण येत नाही' असं कृपा करून म्हणू नका. त्या एका वाक्याने मुलं भाषेपासून जितकी लांब जातात तितकी दुसऱ्या कशाने जात नाहीत. कुणाला या परीक्षेत पाचवी पातळी नाही मिळाली, चौथी मिळाली, तरी त्याने वर्षभर मराठी वाचलीच ना. मंडळाने जूनमध्ये सीनियर्सचा गुणगौरव करताना त्या मुलालाही स्टेजवर बोलवावं, आणि जो कम्युनिटी कॉलेजला जातोय त्यालाही, जो कुठेच न जाता वर्षभर काम करणार आहे त्यालाही. फक्त आयव्ही लीगवाल्यांचे फोटो लावून गुणगौरव होत नाही.

माझ्या लेकीला मराठीचं सील मिळालेलं नाही, तिच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची परीक्षा घ्या म्हणून कधी कुणी मागणीच केलेली नव्हती आणि आम्ही विचारायला गेलो तोवर तारीख उलटून गेलेली होती. तिच्या मागे आता पुढची मुलं आहेत. येत्या सप्टेंबरमध्ये जी अकरावीत जातील त्यांची नावं ऑगस्टच्या आत जमली तर ऑक्टोबरपासून वर्ग सुरू होऊ शकतो आणि वसंतात परीक्षा. शिकवायला मी तयार आहे, मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ, जी बहुतेकांना जमेल ती. अजून दोघे-तिघे शिकवणारे हवेत, आणि टाइपिंग शिकवायला एखादा कॉलेजातला दादा किंवा ताई मिळाली तर मुलं त्यांचं जास्त ऐकतील. मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या, अजेंड्यावर पहिल्या तीनात घ्या, शेवटी 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको. मी येतेय त्या मीटिंगला, डिस्ट्रिक्टला पाठवायच्या पत्राचा मसुदा घेऊनच येते.

तुमचीच,
सेंट्रल जर्सीतली एक सीनियर मुलीची आई आणि मराठी शाळेतली मावशी